क्लचवरचा पाय

तिसरी जळकी क्लचप्लेट हनुमंताने गॅरेजच्या फरशीवर आपटली, तेव्हा पारनेरच्या स्टँडपर्यंत आवाज गेला असेल, आणि त्यामागोमाग त्याच्या शिव्या. प्लेटचा वास असा, की कुणी शिंग भाजतंय.

गाडी वकील शामकांतांची. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. वकिलांनी गावभर करून ठेवलं होतं, की हनुमंत नकली प्लेटा बसवतो. त्यापायी कालच दोन गिऱ्हाइकं दारातून माघारी वळली. जन्मभर कमावलेलं नाव असं जाताना बघून हनुमंताचं डोकं इंजिनाआधीच तापलेलं.

"तेल बघितलं, सिलिंडर बघितला, कुठं गळती न्हाई," तो समोर उभ्या वकिलांना म्हणाला. "गाडी चालवताना तुमचा पाय क्लचवर टेकलेला ऱ्हातो, साहेब. अर्धा दाबलेला क्लच घासतो आन् प्लेट जळती."

"तोंड सांभाळ! तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय मी!"

"बैलगाडी असंल."

वकील लाल झाले. हनुमंताने नवी प्लेट बसवली, हात पुसले आणि शेजारच्या सीटवर चढून बसला. "चला सुप्याकडं. तुमचा पाय मीच बघतो. खोटा ठरलो तर गॅरेजचं शटर कायमचं खाली वढतो."

भर दुपार. चढाला लागताच इंजिन बोंबलायला लागलं, गाडी मात्र गोगलगाय. वाटाण्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पोसुद्धा हॉर्न मारत पुढे गेला. तोच वास आला.

"पाय काढा!"

"काढलेलाच आहे, गाढवा! बघ!"

हनुमंत वाकला. वकिलांची चप्पल पेडलपासून वीतभर लांब होती. क्लचचं पेडल मात्र अर्धं खाली. मधूनच किंचित हलत होतं, कंटाळलेल्या माणसाचा पाय हलतो तसं.

वकिलांनी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवूनच उतरले. जाऊन थेट बाभळीखाली उभे राहिले.

हनुमंताने हात घालून अजून अर्ध्यावरच असलेलं पेडल चाचपलं. स्प्रिंग ताठ होती. मग पेडलच्या वरच्या रिकाम्या जागेत तळवा नेला. तिथे ओलसर ऊब होती, नुकत्याच काढलेल्या बुटात असते तशी.

दुसरा कुणी पळाला असता. हनुमंताला आठवल्या तीन प्लेटा आणि माघारी गेलेली गिऱ्हाइकं.

"मुडद्या!" तो रिकाम्या सीटवर खेकसला. "माझं नाव घालवतोस व्हय? दाबायचा तर पुरता दाब, न्हाईतर पाय काढ!"

पेडल वर आलं. सावकाश, पार वरपर्यंत.

"बघितलं का साहेब? प्लेट नकली न्हवती! आता स्टँडवर जाऊन सांगा समद्यांला!"

बाभळीखाली वकील नुसतेच मान डोलवत राहिले. हनुमंत हसला आणि उतरायला वळला.

पेडल खाली गेलं. या वेळी पुरतं.

गिअरचा दांडा पहिल्यात पडला. जराही खरखर झाली नाही.

हँडब्रेक सुटला.

मग पेडल हलकेच वर आलं, आणि गाडी एकही हिसका न देता हनुमंताला घेऊन निघाली.