पेंडीत राहिलेलं तेल

पहिल्यांदा तो दारात आला, तेव्हा तिला वाटलं पेंडीचं गिऱ्हाईक. तिने त्याच्या हाती पोतं दिलं. त्याने ते मुकाट्याने गाडीत नेऊन ठेवलं आणि मग म्हणाला, "मी फिटर. तुमचा घाणा विकत घेणाऱ्यांनी मापं घ्यायला पाठवलंय."

"मग पोतं कशाला उचललंत?"

"तुम्ही इतक्या हक्काने दिलंत..."

दुसऱ्यांदा तो राहिलेलं माप घ्यायला आला. राहिलं काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आज तो घाणा खोलायला नट-बोल्टचे पाने घेऊन आला होता. एक वाजता ट्रक येणार होता. सौदा तिच्या काकांनी ठरवला होता. फक्त तिची सही बाकी होती. वडील गेल्यापासून ती एकटीच घाणा चालवत होती. आसपासच्या शेतांत यंदा नवं पीक आलं होतं, बारीक दाण्याचं. शंभर किलोंतून तीस किलो तेल निघालं, तरच खर्च सुटायचा. निघत होतं चोवीस.

त्याने पेंडीचा तुकडा मुठीत दाबला. तळहात चमकला.

"तेल पेंडीतच राहतंय. फट ठरवणारा हा नट कुणी बसवला?"

"बाबांनी."

"जुन्या, मोठ्या दाण्यासाठी. बारीक बियांना फट कमी लागते. बीही कोमट करावं लागेल." तो थांबला. "फिरवू?"

सहा महिने ती त्या नटावरची धूळसुद्धा हलक्या हाताने पुसत आली होती.

"नको... मी फिरवते."

दहा किलो बी कोमट करून त्यांनी घाण्यात ओतलं. मोटार कण्हू लागली. त्याचा हात बटणावर गेला.

"अडकलं तर मोटार जळेल. बंद करू?"

"थांबा!"

कण्हणं हळूहळू सरलं. पेंड कोरडी, कुरकुरीत पडू लागली. तेल काट्यावर चढलं — तीन किलो, शंभर ग्रॅम.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"अहो फिटरसाहेब," ट्रकमधून उतरून आत आलेले काका चालू घाणा पाहून कडाडले, "तुमचा मालक हाकलेल तुम्हाला. यात तुमचा फायदा काय?"

तो हात पुसत राहिला. "घाणा गेला असता, तर मला इथे यायला निमित्त उरलं नसतं..."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती तशीच तरातरा बाहेर गेली आणि ट्रकसमोर उभी राहिली.

"सौदा मोडला. ट्रक रिकामाच न्या," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आणि मालकांना सांगा — फिटरही परत येणार नाही."