कप्पीवरची वीण

“तू नको. खोकं उघड आणि बाजूला हो,” बाबा म्हणाले, आणि तिने पुढे केलेले हात निमूटपणे मागे घेतले... अकरा वर्षांत या वाक्याची इतकी सवय झाली होती, की ते आता लागत नाही असं ती स्वतःला सांगत असे. खोटं होतं ते! आजही ते जिथे लागायचं तिथेच लागलं.

खोक्यात कापसावर ती कप्पी होती. नौदलाच्या एका जुन्या शिडाच्या जहाजावरची, गोल, ओंजळीत मावेल एवढी, तीन भोकांची. त्या भोकांतून दोर ओवून डोलकाठी ताठ ठेवत. जहाज बुडालं, दीडशे वर्षं कप्पी चिखलात पडून राहिली, आणि वर निघाली तेव्हा संग्रहालयाने ती मोठ्या विश्वासाने बाबांच्या सुतारशाळेत आणून दिली. इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड पावासारखं मऊ झालेलं असतं. एकदम वाळलं की आक्रसतं आणि तडकतं. म्हणून ते टाकीत बुडवूनच ठेवायचं, आणि पाण्यात विरघळणारं खास मेण थोडं थोडं घालत पाण्याची जागा मेणाला घेऊ द्यायची. या कामाला वर्षं लागतात. जागा अपुरी म्हणून बाबांनी ती टाकी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती, आणि ती सात वर्षं तिथेच होती.

मग अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस आला. बाबा परगावी गेलेले, ती लाकूड आणायला बाहेर पडलेली. दुपारी परतली तर अंगणात उन्हात खुर्ची, आणि खुर्चीवर, नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी आईने विणलेल्या शालीत गुंडाळलेली कप्पी!

“बिचारं केव्हाचं पाण्यात आहे गं,” आई कौतुकाने म्हणाली. “तोंड बघ कसं करून बसलंय. म्हटलं, जरा ऊन दाखवावं.”

तीन भोकं म्हणजे दोन डोळे आणि एक तोंड. आईला ती कप्पी पहिल्यापासून तशीच दिसायची. शाल उघडली तर या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग गेलेली. काय होऊन बसलं ते कळलं तेव्हा आई पुन्हा पुन्हा शालीने ती भेग झाकू लागली. तिचं काळीज आधीच दुबळं, डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलेलं, आणि बाबांचा राग तर सगळ्या घराला ठाऊक होता. संध्याकाळी बाबा दारात उभे राहिले तेव्हा लेक पुढे झाली आणि म्हणाली, माझ्याकडून बाहेर राहिली. एवढंच. आईने तोंडातून ब्र काढला नाही, आणि लेकीने तो काढू दिला नाही. आठ महिन्यांनी आई गेली. जाताना नुसतं लेकीचं मनगट घट्ट धरून होती...

बाबांनी त्याच संध्याकाळी तिच्या हातातली पटाशी काढून घेतली. भेगाळलेली कप्पी रागारागाने पुन्हा मेणात टाकली, जशी झाली तशी संग्रहालयाला परत केली, आणि धंद्यातल्या चार लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं की माझ्या मुलीच्या हातात लाकूड देऊ नका. ज्या हातांनी जुळवलेले लाकडाचे सांधे बघून ते स्वतः मान डोलवायचे, ते हात त्यानंतर भुसा झाडत राहिले, स्वयंपाक करत राहिले, आणि काचबिंदूने बाबांची नजर जाऊ लागली तशी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत राहिले.

आता संग्रहालयाला कप्पी मांडायची होती. भेग बुजवून हवी होती. बाबांना दिसत नव्हतं, हात कापत होते, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना! भेगेत गरम मेण भरताना अर्ध्या तासात त्यांनी दोनदा बोट भाजून घेतलं. शेवटी कुरकुरत म्हणाले की वरचं जुनं मेण तेवढं तू काढ.

ती कोमट फडक्याने मेणाचा पांढरा थर पुसू लागली. भेगेची बाजू झाली, मग तिने कप्पी उलटी केली, आणि थराखालून काहीतरी वर येऊ लागलं... विणीचा ठसा! मऊ लाकडात शालीची वीण रुतली होती आणि तशीच आक्रसून घट्ट झाली होती. पाच सुलटे टाके, दोन उलटे. आईची वीण! नुसतं ‘बाबा, हात लावून बघा’ म्हटलं की अकरा वर्षांचा कलंक धुऊन निघणार होता.

पण मग तो आईला लागला असता. तिने मेणाची सुरी गरम केली आणि ठसा बुजवायला घेतला.

“थांबलीस का मघाशी?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. जरा खरबरीत आहे, सारखं करते.”

“मेणाखालचं लाकूड खरबरीत कसं राहील? आण इकडे.”

तिने दिली नाही. त्यांनी चाचपडत ओढून घेतली. त्यांची बोटं एकदा फिरली, मग परत मागे आली आणि एकेक टाका मोजू लागली. चाळीस वर्षं आईच्या हातच्या स्वेटरांत ही वीण त्यांच्या अंगावर होती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकली नाही.

“ही तिची शाल आहे. लाकडाला शाल गुंडाळणारी तीच,” ते म्हणाले. “तू का बोलली नाहीस?”

“तिच्याकडे फार दिवस नव्हते, बाबा. ते तुमच्या रागात जायला नको होते.”

“मी तिच्यावर रागावलो नसतो.”

“रागावला असता.”

बाबांनी मान खाली घातली. मग खोक्याबरोबर आलेलं नोंदपत्रक त्यांनी वाचायला लावलं. नुकसान कोणाच्या हातून, या रकान्यात बाबांनी तेव्हा कळवल्याप्रमाणे तिचं नाव होतं. ते नाव खोडून टाक, बाबा म्हणाले. आईचं लिहू का, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी पत्रकावर हात ठेवला.

“माझं लिही. सात वर्षं टाकी तिच्या दाराशी होती, आणि मी तिला एकदाही शेजारी बसवून सांगितलं नाही की आत काय आहे.”

तिने लिहिलं. खालच्या ओळीत दुरुस्ती करणाऱ्याचं नाव हवं होतं. तिथे तुझं, ते म्हणाले.

“मला आता येत नाही, बाबा,” ती म्हणाली, आणि अकरा वर्षांत जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते आता आवरेना. “हात विसरले.”

बाबा भिंतीला धरत धरत गेले आणि कपाटातून तिची पटाशी घेऊन आले. तिला गंज नव्हता. त्या जड पोलादावरून तिने बोट फिरवलं, तर ते तेलकट झालं; म्हणजे बाबा त्याला तेल लावत आले होते. तिने पटाशी धरली, पण ती भेगेवर कुठे टेकवायची ते ठरेना. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला, पण त्यांना भेग दिसत नव्हती.

“आज राहू दे,” बाबा म्हणाले. त्यांचा हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला. “किती दमली असशील गं...”

हे तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिने कामाच्या बाकावर डोकं टेकलं, आणि ती गाढ झोपेपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत.