लडकूची शेवटची पट्टी

भिवाजीकाकांनी कंदील बारीक केला, बिडी विझवली आणि म्हणाले, "ही आमच्या येसाजीची गोष्ट. येसाजी थापा मारणारा नव्हता, एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका."

चौऱ्याऐंशी सालची मार्गशीर्ष अमावास्या. येसाजी संध्याकाळच्या एसटीनं कशेळ्याहून कडावला परतला. खिशात काडेपेटीएवढी डबी, डबीत एक चकचकीत पट्टी. मित्राच्या, लडकूच्या आईकडून, बायजाकाकूंकडून ती आणायची, एवढंच काम होतं. लडकू भादव्यात तापानं गेला होता. "त्याच्या पेटीत व्हती रं," काकू म्हणाल्या, "तुझ्याच कामाची असंल."  

कडावच्या शिवारात, गाड्यांच्या धक्क्यांपासून लांब, एका कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती. लडकू तिथं सिलिकॉनच्या पट्ट्यांवर थर चढवायचा. सिलिकॉनचा, त्यावर जर्मेनियमचा, पुन्हा सिलिकॉनचा. असे हजारो थर रचावेत तेव्हा कुठं केसाची जाडी भरायची. येसाजी ते रामन पद्धतीनं तपासायचा. पट्टीवर लेसर सोडला की परतणाऱ्या उजेडाचा रंग किंचित बदललेला असतो, त्यावरून आतले थर कसे बसलेत ते कळतं. हा उजेड इतका पुसट की खोलीत मिट्ट काळोख लागायचा. म्हणून बाहेरच्यानं दाराला हात लावण्याआधी विचारायचं, "काळोख?" आतला "काळोख" म्हणाला, तर थांबायचं. लडकू गेल्यापासून असं विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

सकाळी मोठे साहेब येणार होते. लडकूचे थर एकमेकांत मिसळून गेलेत, असं त्यांचं ठाम मत. या शेवटच्या पट्टीतही थर दिसले नाहीत, तर पोराची सगळी मेहनत मातीत जाणार होती.

त्याच रात्री येसाजीनं प्रयोगशाळेत पट्टी यंत्रात लावली, दिवे मालवले. कागदावर यंत्राच्या पेनाची रेघ सरकू लागली; उजेड जास्त मिळाला की ती शिखरासारखी वर चढायची. तळाच्या सिलिकॉनचं एक शिखर आलं. थरांची बारीक शिखरं मात्र... नाहीतच. तो काळोखात तसाच बसून राहिला. इतकं एकटं त्याला लडकूच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं.

"काळोख?"

"काळोख," तो सवयीनं म्हणाला.

मग त्याच्या ध्यानात आलं. इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

"लडकू...?"

 हळूच, नेहमीच्या कुरकुरत्या आवाजात...

"उलटी लावलीस रं."

पट्टी दोन्ही अंगांनी आरशासारखी. थर एकाच अंगाला.  येसाजीनं चाचपून ती फिरवली. पेन सरकलं. एक शिखर. मग दुसरं. मग तिसरं. लहान, स्वच्छ, सुटंसुटं.

येसाजीला रडू फुटलं. "आले रं! थर आले तुझे! ये, आत ये!" आणि त्याच भरात त्यानं दार सताड उघडलं.

व्हरांड्यातल्या ट्यूबचा उजेड भसकन आत आला. व्हरांडा रिकामा होता.

तेव्हा त्याला यंत्र आठवलं. उजेड मोजणाऱ्या नळीपुढं पत्र्याची झडप असते, मोजणी चालू असताना ती उघडीच ठेवलेली. ती उघडी असताना एवढा उजेड शिरला, की नळी जळलीच. तो यंत्राकडं धावला.

पेन शांत होतं. झडप लावलेली होती.

येसाजीनं तिला हात लावला नव्हता... आणि ती लावायची, तर खोलीच्या आत, त्याच्या खुर्चीला अगदी खेटून उभं राहावं लागतं.