आयोडीनच्या खोलीतली सातुर्निनाबाई

"हसा लेको, पण दिवा मालवू नका," म्हणत म्हाताऱ्या आनिबालनं तेरेरेच्या थंड काढ्याचा पेला शेजारच्या पोरीकडे सरकवला. आसुन्सिओनच्या त्या इस्पितळाच्या तळघरात, अणुवैद्यक विभागात शिकायला आलेली चार पोरंपोरी रात्रपाळीला बसली होती. "निल्डा माझ्याच हाताखाली शिकली. तिच्याबाबत घडलेलं सांगतो."

तेवीस जून, सान हुआनच्या सणाची रात्र. बाहेर अंगणात पोरं पेटत्या चेंडूला लाथा मारत होती. निल्डानं एकटीनं सांभाळायची ही पहिलीच पाळी. तिला एकदा ताकीद मिळालेली; आणखी एक नियम मोडला की शिक्षण संपलं, घरी.

काम साधं होतं. आयोडीनच्या खोलीत जेवण पोचवायचं. तिथल्या पेशंटला दुपारी किरणोत्सारी आयोडीनचं औषध पाजलेलं असतं. मग अंगातून किरणं निघतात, घामातूनसुद्धा. म्हणून ताट दाराशी ठेवायचं, शिशाच्या पडद्याआडून बोलायचं आणि निघायचं. शिवायचं नाही.

सातुर्निनाबाई कॉटवर बसल्या होत्या.

"आज काय, म्बेजूचं धिरडं?"

"हो बाई. गरम आहे तोवर खा."

"खाते गं. आधी जरा हात धर. जीव घाबरा होतोय."

"थांबा, नर्सला बोलावते."

"नर्स नको. हात हवाय."

"नाही धरता येत, बाई. आनिबाल सर हाकलून देतील मला."

"मोठा आला तुझा सर! त्याला म्हणावं, एकदा एकटा झोप इथं."

"सकाळी किरणांचा आकडा उतरला की धरीन. शपथ."

बाई बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

निल्डा नर्सकडे निघाली. हातातलं किरणं मोजायचं यंत्र टिकटिकत होतं. खोलीपासून लांब गेलं की टिकटिक विरळ होते. झालीही.

मग वळणावर... वाढली.

ती थांबली. टिकटिक तशीच.

चालली. सोबत आली.

"सातुर्निनाबाई? आत जा ना..."

मागं कोणी नव्हतं.

टिकटिक आता उजवीकडे. अगदी हाताशी...

ती पळाली.

नर्स खोलीत पोचली तेव्हा सातुर्निनाबाई कॉटवर आडव्या होत्या. गेलेल्या.



"मग?" पेला धरलेल्या पोरीनं विचारलं.

"विभागातून बाहेर पडताना हात तपासायचे. निल्डानं उजवा हात यंत्रावर ठेवला आणि घंटा वाजायला लागली. हातमोजा काढला, तरी तेच. साबणानं चोळचोळून धुतला. जाईना. पोरगी रडकुंडीला आली. 'सर, मी शिवले नाही हो, आईशपथ!' म्हटलं, शिवल्याशिवाय किरणांचा डाग कसा? चल, हात किरणं टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली धर. कुठं लागलंय ते दिसेल."

"दिसलं?"

"असा डाग म्हणजे एखादा ठिपका. फार तर ओघळ..."

आनिबालनं स्वतःचा उजवा हात दिव्याखाली धरला.

"कॅमेऱ्याच्या पडद्यावर चार बोटं उमटली. बारीक, वाकडी. निल्डाची नव्हेत... तिच्या हाताभोवती आवळलेली. आणि एका बोटावर अंगठीएवढी जागा कोरी."