दोन दातांची गाठ

दुपारची भांडी आवरून आई झारी घेऊन परसात गेली. तिथल्या एका झाडाची तऱ्हाच न्यारी. फळं फांदीला नाहीत, थेट खोडाला चिकटायची. सासूबाईंनी लावलेलं. बारा वर्षं त्यानं नुसती पानं दिली, आणि त्या गेल्यावर यंदा पहिल्यांदाच काळीभोर पाच फळं धरली.

पाखरांनी टोचू नयेत म्हणून आईनं सासूबाईंचीच जुनी चौकडीची चादर खोडाला गुंडाळली होती. पहिलं फळ देवाला, असा तिचा नवस होता. लेकीला दोनदा दिवस राहून पोट पडलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी खाटेवरून उतरायचीही बंदी घातली होती. पाचवा महिना सरत आला, तरी बाळाची हालचाल जाणवत नव्हती. आणि डोहाळा लागला तोही याच फळाचा.

सकाळीच लेक म्हणाली होती, "आजी असती तर गपचूप दिलं असतं."

"तुझी आजी? डावा हात लुळा, तोंडात उरलेले दोन दात. तेवढ्यावर बरणीच्या फडक्याला अशी गाठ मारायची की मला कात्री लागायची."

दोघी हसल्या होत्या.

आईनं चादर सोडली. फळं चारच होती. पाचव्याच्या जागी देठाचा ओला डाग होता, आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या मलमाचा मंद वास.

चादर तशीच जमिनीवर टाकून ती घरात धावली. लेक ओठ पुसत होती.

"गोड होतं गं. पण बोलली का नाहीस? डोळे मिटूनच होते मी... फळ ओठाशी धरलंस, मग पाठीवरून हात फिरवलास. एकच हात."

"कसा होता... हात?"

"गार. आणि आई, बाळ हललं."

तिनं आईचा तळवा पोटावर ठेवला. आतून इवलीशी ढुशी आली. आईचे डोळे भरले. नवस मोडल्याची माफी मागून तिनं देवापुढे निरांजन लावलं. 'तुझ्या आधी लेकीला ज्यानं कुणी दिलं, तेही तुझंच माणूस असेल,' एवढंच ती म्हणाली.

ऊन कललं तशी ती चादर उचलायला गेली. चादर खोडाला नीट गुंडाळलेली होती. गाठ घट्ट होती. कापडाचं टोक ओलसर, आणि त्यावर दोनच दातांचे ठसे.

आईनं गाठ सोडली नाही. नमस्कारासाठी खोडावर तळवा टेकवला.

चादरीआडून तळव्याला तशीच इवलीशी ढुशी आली.