बिनचहाची धाव

शेळीचं करडू लवळ्याच्या कॉलेजच्या मैदानात घुसलं आणि त्याच्यामागं करिष्मा! ट्रॅकवरच्या पोरांना मागं टाकत तिनं करडू धरलं, तेव्हा स्टॉपवॉच घेतलेला निरंजन बघतच राहिला.

"काय बगताय? करडू कदी बगितलं न्हाई?"

"करडू नाही… तुला बघतोय!" तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

कॅफिनच्या गोळीनं शंभर मीटरची धाव सुधारते का, असा त्याचा प्रयोग चालला होता. "आमच्यात पळ," तो म्हणाला, "पहिली आलीस तर कोच तुला संघात घेतील." करिष्माला आणखी काय हवं होतं? पळणं म्हणजे तिचा जीव की प्राण! अट एकच — आदल्या दिवसापासून चहा बंद, कारण चहातही कॅफिन असतं.

चाचणीच्या सकाळी निरंजन स्वतः तिला न्यायला आला आणि तिथंच घोटाळा झाला. तिच्या आईनं, राजाबाईनं, कडक चहा पुढं केला. त्यांच्या घरात पाहुण्यानं एकट्यानं चहा प्यायची रीतच नव्हती. निरंजनला भिडेपोटी नाही म्हणवेना, मग सोबत म्हणून करिष्मानंही कप रिकामा केला.

ती पहिली आली. पण निरंजननं कोचना खरं ते सांगून टाकलं.

"ही चहाची तरतरी," दादासाहेब कोच म्हणाले, "धाव बाद!"

करिष्मा अशी तापली! "चहा आईचा व्हता, पाय माजे हायेत. उद्या बिनचहाची पळते. गोळीबी नको. हरले तर पुन्ना हितं दिसायची न्हाई!"

दुसऱ्या दिवशी निरंजन तिला न्यायला आला, पण घराच्या कुंपणाबाहेरच उभा राहिला; आत गेलं की चहा आलाच! राजाबाईनं हाका मारल्या, पण पठ्ठ्या आत येईना.

शिट्टी वाजली. करिष्मा सुटली ती सगळ्यांच्या पुढं… थेट रेषेपार!

"घेतली संघात!" दादासाहेब ओरडले.

धावेनंतर नाडी मोजायच्या सवयीनं निरंजननं तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं.

"नाडी अजून उतरत कशी नाही? खरं सांग… चहा घेतलास?"

"थेंबभरबी न्हाई."

"मग?"

"हात सोडा, मंग उतरंल."

त्यानं सोडला नाही. तिलाही तो सुटायला नकोच होता.

"कुंपणाभाईर किती दिस उभं ऱ्हानार?" ती हसली. "आता चहाला आत या. अन् येताना आईवडलांना आणा… आई पोहेबी करंल."