पहिल्याच प्रुफात पास

दुसऱ्याच्या मांडीवरच्या कागदांत डोकं खुपसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. दिल्लीत मात्र हा त्रास मला कधी झाला नव्हता. माझ्या मांडीवर मराठी प्रुफं असायची, आणि आर. के. पुरमहून नोएडाला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसमध्ये मराठी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं... १९९६ च्या एप्रिलमधल्या त्या सकाळपर्यंत.

"पाणी दोनदा आलंय," शेजारून आवाज आला.

मी मान वळवली. बारीक कापलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हसू दाबून धरलेले ओठ.

"चौथी ओळ," तो म्हणाला. "नळाचे पाणी पाणी सोडा."

"दिसलंय मला!"

अजिबात दिसलं नव्हतं. मी लाल पेनाने त्या जादा 'पाणी'वर काट मारून पुढे वेटोळं काढलं, तेही इतक्या जोरात की कागद फाटला.

"अच्छा," तो गंभीरपणे म्हणाला. "पाणी बिल्कुलच तोडलंत."

पुढे तो माझ्याच स्टॉपवर उतरला. माझ्याच ऑफिसच्या फाटकातून आत आला. जिन्यावर मात्र माझा संयम सुटला.

"माझा पाठलाग करताय का?"

"नाही. जॉइन करतोय."

त्या दिवसांत परदेशी कंपन्यांची वॉशिंग मशीनं आणि मिक्सर देशभर जायला लागले होते, आणि प्रत्येक खोक्यात आठ भाषांमधली माहिती-पुस्तिका लागायची. ती आमच्या ऑफिसात तयार व्हायची. मी, अहिल्या करंदीकर, तिथली मराठीची मुद्रितशोधक. आणि हा धैर्यशील निकम मराठीचा नवा कॉम्प्युटर ऑपरेटर. वडील साताऱ्याकडचे, निवृत्त सुभेदार. हा वाढला दिल्ली कँटमध्ये. तो टाइप करणार, प्रूफ काढून माझ्याकडे आणणार, मी चुका दाखवणार, तो सुधारून पुन्हा आणणार. म्हणजे दिवसभर हेच तोंड बघायचं!

पहिल्याच दिवशी मी त्याला खुणा शिकवल्या. "काट मारून वेटोळं म्हणजे काढून टाका. हे उलट्या व्हीसारखं हंसपद, म्हणजे इथे काहीतरी राहिलंय. आणि समासात मी जे गोलात लिहीन ती तुम्हाला सूचना. गोल नसेल तर तो मजकूर, जिथे हंसपद असेल तिथे घालायचा. कळलं?"

"बिल्कुल."

आठवड्याने वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेचं दुसरं प्रूफ आलं. पाचव्या पानावर छान ठळक अक्षरांत होतं — 'झाकण बंद करा. हा माणूस झोपेत टाइप करतो का? आता हिरवे बटण दाबा.'

मी तशीच त्याच्या खोलीत गेले. "हे काय आहे?"

"तुमचाच मजकूर आहे," त्याने माझं जुनं प्रूफ पुढे केलं. "हंसपद आहे. गोल नाहीये. मी फक्त नियम पाळला."

खरंच, रागाच्या भरात त्या शेऱ्याभोवती गोल काढायचा राहिला होता. मी प्रूफ ओढून घेतलं. तो मात्र शांतपणे म्हणाला, "आणि झोपेत नाही करत. विचारलंयत म्हणून सांगतो."

असा माणूस! बाकीच्या भाषा दोन प्रुफांत निपटायच्या. आमच्या मराठीला चार लागायची. एक चूक दाखवली की नवी हजर. कुठे शब्द गायब, कुठे आकृती उलटी. प्रत्येक वेळी हा कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभा. कधी खिशातून मसाला लावलेला पेरू काढायचा, अर्धा मला द्यायचा आणि मी चिडून खुणा करत असताना माझ्या लाल पेनाकडे बघत राहायचा... नाही, पेनाकडे नाही. मला कळायचं ते. कळायचं म्हणूनच आणखी चिडचिड व्हायची. सर्वांत जास्त चीड याची, की दुपारी चारपर्यंत तो आला नाही तर मीच दाराकडे बघायला लागायचे.

ऑक्टोबरमध्ये चंद्रप्रभा मॅडमनी मला बोलावलं. ऑफिस त्याच चालवायच्या. "मराठी हर बार लेट," त्या म्हणाल्या. "अगली बुकलेट पहले प्रूफ में पास नहीं हुई, तो मराठी का काम बंबई चला जाएगा."

म्हणजे माझी नोकरी गेली! बाबांनी कॉलनीभर सांगून ठेवलेलं, मी स्वतः लढून मिळवलेलं माझं टेबल. मी थेट धैर्यशीलच्या पुढ्यात उभी राहिले.

"तुमच्या चुकांपायी माझं काम जातंय! थट्टा वाटते तुम्हाला?"

त्याचं हसू एकदम मावळलं. "मला... हे ठाऊक नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रोवेव्हच्या पुस्तिकेचं प्रूफ आलं. बत्तीस पानं. मी लाल पेन उघडलं. पहिलं पान स्वच्छ. दुसरं, तिसरं... दहावं. आकृत्या सरळ, शब्द जागच्या जागी. बत्तिसाव्या पानापर्यंत एकही खूण करावी लागली नाही. तो टेबलापलीकडे मान खाली घालून उभा होता.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुम्हाला येतं!" मी उठलेच. "तुम्हाला पहिल्यापासून येतं! मुद्दाम चुकत होतात?"

त्याने मान आणखी खाली घातली.

"सहा महिने! माझे डोळे गेले यार! का पण?"

"प्रूफ स्वच्छ असलं की तुम्ही सही करता आणि ते छपाईला जातं," तो हळूच म्हणाला. "मग तुमच्या टेबलाशी यायला मला काय कारण? चुका असल्या की... चारदा येता यायचं. तुमची नोकरी जाईल असं खरंच मनात आलं नाही. चुकलो. सही करा, पुन्हा त्रास देणार नाही."

मी सही केली. लाल पेनाने, वेडीवाकडी. त्याने कागद उचलले आणि निघाला. माझं टेबल वाचलं होतं. आणि आता चार वाजता कोणी येणार नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "सहा महिने छळायचं आणि आता शहाण्यासारखं निघून जायचं? मूर्ख आहात तुम्ही! मला तुम्ही आवडता! भयंकर आवडता, आणि त्याचाच मला इतका संताप येतोय!"

तमिळ, बंगाली, गुजराती... सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. धैर्यशीलच्या हातून पानं सटकली. कानांच्या पाळ्या लालभडक.

चंद्रप्रभा मॅडम केबिनमधून डोकावल्या. "क्या हुआ? प्रूफ में गड़बड़ है?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या मोठ्या खोलीत मी काय बोलले ते फक्त एकाच माणसाला कळलंय.

"नहीं मॅडम," मी म्हणाले. "एकदम ठीक है. पास."

"तो इतना डाँट क्यों रही हो बेचारे को?"

बेचारा खाली बसून पानं गोळा करत होता. मीही वाकले. पानांचे क्रमांक लावता लावता त्याची बोटं माझ्या बोटांवर थांबली.

"पुन्हा एकदा म्हणा ना," तो पुटपुटला. "यांना वाटू दे, तुम्ही रागावताय."

मी कपाळाला आठ्या घातल्या, आवाज चढवला आणि तेच सगळं पुन्हा म्हणाले.